जसे आले तसे

४ जानेवारी

आज दुपारी या गावी सुखरूप पोहोचलो. प्रवासात त्रास झाला नाही. लेकीने वरच्या मजल्यावरील रस्त्याकडची खोली मला दिली आहे. दोन खिडक्या, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीतले कपाट. माणसास आणखी काय हवे? टेबल किंचित डुगडुगत होते. त्याच्या पायाखाली पाचर ठोकून ते मी प्रथम स्थिर केले आणि मगच बॅग उघडली. लेक दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, बाबा, आल्या आल्या घराची दुरुस्ती काढलीत, आधी पाय तरी धुवा!

माझे वय एकाहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी; परंतु ती जुनी चौथी. आमचे गुरुजी एका काना-मात्रेच्या चुकीस एक छडी देत. त्यामुळे आजकालच्या पदवीधरांपेक्षा माझे लेखन शुद्ध आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. (लेकीचे म्हणणे असे की, तुमच्या नम्रपणाला सुद्धा बाबा बंदुकीचा परवाना लागेल.)

एकेचाळीस वर्षे मी सरकारी शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्याचे काम केले. एवढ्या काळात माझ्या हाताखालून एकही हत्यार मळक्या स्थितीत परत गेले नाही. निवृत्तीनंतर घरी बसून अंगास गंज चढू लागला होता. म्हणून येथील शस्त्रपरीक्षण प्रयोगशाळेत कोठीवाल्याची जागा निघाल्याचे कळताच अर्ज केला. जागा मिळाली. तीन दिवसांनी रुजू व्हावयाचे आहे. मन अतिशय प्रसन्न आहे.

७ जानेवारी

रुजू झालो. छापखाना आणि टायरचे दुकान यांच्यामध्ये ही दुमजली इमारत उभी आहे. वर तज्ज्ञांची खोली. खाली मुद्देमालाची कोठी, म्हणजे गुन्ह्यांत जप्त झालेल्या वस्तू ठेवण्याची जागा. ती माझ्या ताब्यात. कोठीच्या मागे चाचणीची खोली. तिला खिडकी नाही. भिंतींना आवाज गिळणारा जाड नमदा लावलेला आहे. मध्यभागी अकरा फूट लांबीची पोलादी टाकी पाण्याने भरलेली. तिच्या एका टोकास असलेल्या नळकांड्यात हत्यार बसवून बार काढतात. पाण्यात गोळीचा जोर संपतो आणि ती तळाशी बसते. मग लांब दांड्याच्या जाळीने ती मी बाहेर काढतो. पाण्याने गोळीस ओरखडाही पडत नाही; तिच्या अंगावर जे ओरखडे असतील ते केवळ नळीचे. हे सर्व मला फार आवडले.

येथील प्रमुख एक बाई आहेत. सर्वजण त्यांना तज्ज्ञबाई म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणे मोजके, नजर तीक्ष्ण. त्यांनी भिंतीवरील पाटी मला वाचून दाखविली: जसे आले तसे. हत्यार गंजलेले आले तर गंजलेलेच राहील, चिखलाने भरलेले आले तर चिखलासकट. फुंकरसुद्धा मारावयाची नाही. त्या म्हणाल्या, आजोबा, कोर्टात बंदूक एकटी जात नाही, तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाची सही घेऊन जाते. एक कडी सुटली की वकील अख्खी साखळी ओढून गळ्यात घालतो. मी आदराने ऐकून घेतले. अडाणी माणसांसाठी असे नियम असणे आवश्यकच आहे.

प्रत्येक वस्तू पांढऱ्या कापडात शिवून, टाक्यांवर लाख ओतून, त्यावर माझे पितळी सील उठवावयाचे असते. सुई हे माझे हत्यार नव्हे. येथील कारकुनाला सगळे पावती म्हणतात, कारण पावती घेतल्यावाचून तो शिंकही देत नाही. त्याने माझे पहिले पुडके निरखून विचारले की, आजोबा, हे टाके आहेत का कापडावरून गोगलगाय चालत गेली? मी त्यास सांगितले की, मी बंदुका सांधल्या आहेत, झबली नव्हेत.

१३ जानेवारी

आज तज्ज्ञबाईंनी मला त्यांचे दुहेरी सूक्ष्मदर्शक दाखविले. दोन भिंगांखाली दोन गोळ्या. परंतु डोळा लावला की एकच गोल दिसतो, मधोमध केसाएवढी रेघ. डावीकडे एक गोळी, उजवीकडे दुसरी. दोन्ही एकाच नळीतून सुटल्या असतील, तर एकीवरचे ओरखडे रेघ ओलांडून दुसरीवर जसेच्या तसे पुढे जातात. त्यांनी हळूहळू एक गोळी फिरविली आणि सर्व रेषा एकदम जुळल्या. माझ्या तोंडून वाहवा निघून गेली. दोन नळ्या कधीही सारख्या नसतात, हे मी एकेचाळीस वर्षे बोटांनी जाणत होतो. आज डोळ्यांनी पाहिले.

बाई म्हणाल्या, माझा अभिप्राय म्हणजे काही निकाल नव्हे. पण साक्षीदार नसेल तिथे हा एवढासा शिशाचा तुकडा बोलतो. आणि त्याला खोटं बोलता येत नाही, माणसासारखं.

२० जानेवारी

आज एका महत्त्वाच्या खटल्याचा मुद्देमाल आला. पावतीने मला सर्व हकिगत सांगितली. पोटात गोष्ट ठेवणे त्यास जमत नाही.

गावातील एका कंत्राटदाराची बायको घरी शिवणकाम करीत असे. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी, मशीनवर बसली असताना, कोणी तरी तिच्या पाठीत गोळी घातली. नवरा म्हणतो, चोर शिरला असेल. माझे रिव्हॉल्व्हर पेटीत कुलपात होते, सहा वर्षांत त्यातून बार निघालेला नाही. रिव्हॉल्व्हर रिकामे काडतूस बाहेर टाकीत नाही, त्यामुळे जागेवर काहीच मिळाले नाही. मिळाली ती बरगडीत अडकलेली गोळी. पाहणारा कोणी नाही. सर्व खटला त्या एका गोळीवर उभा आहे, आणि न्यायालय आमच्या अहवालासाठी थांबले आहे.

मृत बाईची थोरली बहीण दवाखान्याच्या धोबीखान्यात इस्त्री करते. ती दुपारी कोठीच्या खिडकीशी आली होती. तिला आत येण्याची परवानगी नाही. उंच, हाडकुळी, हातांवर जुने भाजल्याचे डाग. तिने मला काका म्हटले. म्हणाली, काका, अंत्यविधीला तिचा नवरा माझ्या कानाशी येऊन बोलला, आता तुझा नंबर. का तर धाकटीनं मला त्याच्या धमक्यांचं सगळं सांगितलेलं, आणि मी पोलिसांत ते लिहून दिलं. तो आत आहे तोवर मला झोप लागते. मी तिला धीर दिला. सांगितले की, येथे सर्व काम चोख होते.

२२ जानेवारी

उद्या चाचणी. बाईंनी बाहेरून नंबर, बनावट इत्यादी टिपून हत्यार माझ्या ताब्यात दिले. दुपारच्या सुट्टीत मी सहज नळीतून उजेडाकडे पाहिले. काय ती अवस्था! तांबूस गंज, काजळी, मळाचे थर. एवढ्या चांगल्या हत्याराची अशी हेळसांड पाहून माझ्या अंगावर काटा आला. शिवाय अशी नळी फुटूही शकते, आणि बाई जवळच उभ्या असणार. त्या दोरीने चाप ओढतात हे खरे, तरीही.

गजास काचकागद गुंडाळून, तेल लावून मी पाव तासात नळी आतून घासून काढली. नंतर चिंधी फिरविली. नळी आरशासारखी झाली. बाहेरून हात लावला नाही. पुष्कळ दिवसांनी हातांस त्यांचे काम मिळाले, समाधान वाटले.

बाईंना सांगण्याची आवश्यकता वाटली नाही. चांगले काम दिसते, सांगावे लागत नाही.

२ फेब्रुवारी

चाचणीच्या दोन गोळ्या मीच टाकीतून काढल्या होत्या, मीच शिवल्या होत्या. आज अहवाल तयार झाला. गोळ्या जुळत नाहीत.

तज्ज्ञबाई सकाळपासून तीनदा भिंगाशी बसल्या. म्हणाल्या, माप तेच, नळीतल्या खाचांचा पीळ त्याच बाजूचा, पण बारीक रेषा एकही जुळेना. चाचणीआधी नळीत धुराचा अंशही नव्हता. म्हणजे नवरा खरं बोलतोय असंच लिहावं लागणार.

मी उगीचच विचारावे तसे विचारले की, नळी कोणी साफ केली तर काय फरक पडतो. त्या म्हणाल्या, चिंधीने पुसली तर काही नाही. काचकागद फिरवला तर नळीचा चेहराच बदलतो. आणि मग भिंग बाजूला सारून, आजोबा, आपल्याकडे कोणी हात लावला नव्हता ना?

मी म्हणालो, माझ्या कोठीत?

माझा आवाज चढला असावा. त्यांनी ताबडतोब माफी मागितली. मी ती स्वीकारली.

जेवलो नाही.

४ फेब्रुवारी

विचार केला. नळी घासली नसती तरी रेषा जुळल्या असत्याच असे नाही. चोर असूही शकेल. एकेचाळीस वर्षांच्या नावाला एका शंकेपायी काळिमा लावून घेणे हे शहाणपण नव्हे. अहवाल आज गेला.

९ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट. चाचणीच्या गोळ्यांचे पुडके मी स्वतः शिवले होते. माझे टाके मला ठाऊक आहेत. लांब, तिरके, एकमेकांशी भांडलेले. आज कपाट उघडले तो त्या पुडक्यावर बारीक, एकसारखे, मोत्यांच्या ओळीसारखे टाके. लाख जागच्या जागी. सील माझेच, अभंग.

पावतीला विचारले. तो म्हणाला, मी? आजोबा, मला शर्टाचं बटण लावता येत नाही, बायको माहेरी गेली की मी उघडाच फिरतो! त्यास हसू आले. मला आले नाही. किल्ली केवळ माझ्यापाशी असते.

१३ फेब्रुवारी

नियमाविरुद्ध वागलो. आयुष्यात दुसऱ्यांदा. दुपारच्या सुट्टीत पुडके उसवले.

आत दोन गोळ्या असावयास हव्या होत्या. तीन होत्या.

तिसरी हातात घेतली तर कोमट होती. बाई जेवावयास गेल्या होत्या. मी वर जाऊन, त्यांनी शिकविल्याप्रमाणे, एका भिंगाखाली बरगडीतून काढलेली गोळी ठेवली, दुसऱ्याखाली ही. हळूहळू फिरविली. सर्व रेषा एकदम जुळल्या. मधली रेघ कोठे आहे तेही दिसेना.

ही मी घासण्यापूर्वीच्या नळीची गोळी आहे. त्या नळीतून आता अशी गोळी निघणे शक्य नाही. कोणी काढली? कोणी आणून ठेवली?

बाई परतल्यावर त्यांना आडून विचारले की, समजा एखादा पुरावा अचानक कोठून तरी सापडला तर. त्या हसल्या. म्हणाल्या, आजोबा, साक्षात देवानं आणून दिला तरी कोर्ट विचारणार, पंचनामा कुठाय, ताबा कोणाचा, सही कोणाची? साखळी नाही तर ते नुसतं शिसं. तिथे जिवंत माणसाचा शब्दच लागतो.

जिवंत माणसाचा शब्द. तो शब्द कोणापाशी आहे, हे मला ठाऊक आहे. गोळी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुडके पुन्हा शिवले, माझ्या टाक्यांनी.

१६ फेब्रुवारी

थोरली बहीण खिडकीशी आली होती. अहवालाची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली आहे. रडली नाही. म्हणाली, काका, तुम्ही जुने जाणते, तुम्हीच सांगा, मशीन चुकू शकतं ना? एकदा परत बघायला सांगा ना हो बाईंना. तो सुटला तर मी जाऊ कुठं? मला कोण आहे?

मी म्हणालो की, काम नियमाप्रमाणे झाले आहे.

टेबलावर एक पुडके होते, त्याच प्रकरणातले. मी तीन दिवसांपूर्वी शिवलेले. तिची नजर त्यावर गेली आणि ती गजाला धरून पुढे वाकली. म्हणाली, ही शिलाई कोणाची? ही आमच्या धाकटीची शिलाई आहे. असा टाका दुसरं कोणी घालत नाही, मी तिच्या हातचे कपडे घालते.

मी पुडके आत नेले. खिडकी लावून घेतली. ती कितीतरी वेळ काचेवर बोट वाजवीत राहिली, जोराने नव्हे, एखाद्याच्या घरी बाळ निजले असावे तसे.

१८ फेब्रुवारी

सदऱ्याचा खिसा वरून शिवलेला आहे. गोळी आत.

लेकीस विचारले. ती म्हणाली, बाबा, मला चष्मा लावूनही सुई ओवता येत नाही आणि तुमचे खिसे कशाला शिवू? मग तिने माझ्या कपाळास हात लावून पाहिला. अंग तापलेले नव्हते. कात्रीने टाके कापले. आत आणखी टाके. ते कापले. त्यांच्या आत आणखी.

शेवटी सदराच टायरच्या दुकानामागे जळणाऱ्या कचऱ्यात टाकला. गोळीसुद्धा.

२० फेब्रुवारी

चाचणीच्या खोलीत भर दुपारी मशीन चालल्याचा आवाज येतो. पायाने चालवावयाची मशीन. थोडी चालते, थांबते, पुन्हा चालते. भिंतींना नमदा आहे. त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. दार उघडले तर टाकीतले पाणी हलत होते. बाकी काही नाही.

पावतीला ऐकू येत नाही. तो म्हणाला, छापखाना असेल. छापखाना आज बंद आहे.

२४ फेब्रुवारी

न्यायालयात माझी साक्ष झाली. ताबा आणि सील यांपुरती. स्वच्छ सदरा घातला होता. काल रात्री ठरविले होते की विचारले तर सांगावयाचे. सरकारी वकिलांनी विचारले, सील अभंग होते काय. होते. मग कंत्राटदाराच्या वकिलांनी विचारले, हत्यार तपासणीस कोणत्या स्थितीत दिलेत.

मागच्या बाकावर थोरली बहीण बसली होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती, आणि ती त्या मोकळ्या जागेपासून किंचित सरकून बसली होती, कोणी तेथे बसल्यासारखी.

मी म्हणालो, जसे आले तसे.

शब्द अगदी स्पष्ट निघाले. न्यायाधीश म्हणाले की, सर्वच साक्षीदार इतके स्वच्छ बोलतील तर किती बरे होईल. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी मान लवविली.



२७ फेब्रुवारी

कंत्राटदार निर्दोष सुटला. परवाना कायम असल्याने रिव्हॉल्व्हर त्यास परत देण्याचा हुकूम झाला. तो आज ते न्यावयास आला. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, बोलण्यास गोड. मी पुडके उसवून हत्यार त्याच्या हाती दिले. त्याने नळी उजेडाकडे धरली. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. म्हणाला, वा! ही तर आरसा झाली आजोबा. कोणाचा हात म्हणायचा हा?

आणि मला बरे वाटले. एक क्षणभर. हे येथे लिहून ठेवणे भाग आहे.

तो हसला. त्यास कळले. पावतीवर सही करून गेला.

२ मार्च

दोन्ही सदऱ्यांच्या बाह्या शिवलेल्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, आणि मनगटाशी बंद. टाके बारीक, एकसारखे. लेक नुसती बाह्या उसवून देते. पूर्वी टोमणे मारीत असे. ते बरे होते.

थोरलीच्या घरी जाऊन तिला सावध करावे असे मनात येते. परंतु काय सांगावे? कशावरून सांगता, असे ती विचारील.

उद्या बाईंना सर्व सांगेन.

३ मार्च

बाई आज रजेवर. उद्या.

५ मार्च

सांगितले नाही. दारापर्यंत गेलो होतो. त्या फोनवर कोणास तरी सांगत होत्या की, आमचे आजोबा म्हणजे सोन्याचा माणूस, त्यांच्या कोठीत माशी बसायला घाबरते.

परत आलो.

सकाळी तोंडात दोऱ्याचा तुकडा होता. पांढरा. ओढला तर लांबत गेला—

८ मार्च

आज नवीन मुद्देमाल आला. पुडके पोलिसांनी शिवलेले. आत एक गोळी.

पावती नेहमीप्रमाणे सांगू लागला. काल दुपारी, दवाखान्याच्या धोबीखान्यात. इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. पाठीत. इस्त्री चालूच राहिली, कापड जळाल्याच्या वासाने लोक आले. तो सांगत होता आणि मी खुर्ची शोधत होतो.

कंत्राटदार सापडत नाही. हत्यारही नाही.

तज्ज्ञबाईंनी जानेवारीतल्या आमच्या चाचणीच्या गोळ्या मागविल्या. मी नेऊन दिल्या. अर्ध्या तासात त्यांनी हाक मारली. त्यांचा चेहरा पांढरा होता. आजोबा, बघा. मी डोळा लावला. डावीकडे कालची, उजवीकडे जानेवारीची. रेषा जुळल्या. सर्व.

बाई म्हणाल्या, हेच रिव्हॉल्व्हर. आणि हा तिरका ओरखडा पाहा. असा कारखान्यात पडत नाही. हा हाताने घासल्याचा आहे. उलट्या बाजूला वळलाय, म्हणजे घासणारा डावखुरा. ही नळीची खूण नाही हो, माणसाची आहे.

मी डावखुरा आहे. तिच्या पाठीत जी गोळी शिरली तिच्यावर माझे मनगट उमटले आहे.

बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. भिंतीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, पहिल्या अहवालावर सही माझी आहे. तो सुटला माझ्या सहीने. आता पहिल्या खुनात त्याला पुन्हा कशाने बांधणार? नळी कधी घासली, कोणी घासली, हे सांगणारा कोणी असता तर.

मी तोंड उघडले.

उघडले नाही—

९ मार्च

ओठ उघडत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही. आरशात पाहिले, ओठ ओठांसारखे. परंतु जिभेने आतून चाचपले तर दोरा लागतो. बारीक, एकसारखे टाके. काल अकरा होते. आज एकोणीस.

बाईंना वाटले मला धक्का बसला. पाणी दिले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर गेले.

डॉक्टर आले. म्हणाले, ओठांना काही झालेले नाही, म्हातारपण आहे, मनाला लागले असेल. लेक रडते. म्हणते, बाबा, काहीतरी बोला हो, रागवा तरी.

बोलता येत होते तेव्हा दीड महिना होता.

१० मार्च

मशीनचा आवाज आता माझ्या खोलीत. दुपारी. आणि दुसरा वास— तापलेल्या इस्त्रीखाली ओले कापड. आवाज टेबलामागे. वास दाराशी.

दोघी बोलत नाहीत. घाई करीत नाहीत.

बाईंनी राजीनामा लिहिला असे पावती सांगून गेला. उद्या देणार.

११ मार्च, सकाळ

बोलता येत नाही तर लिहितो. हे पान फाडून तज्ज्ञबाईंना द्यावे. लेकीस तशी खूण केली आहे. ती खाली थांबली आहे. बाईंच्या हातून न्यायालयात जावे.

मी स्वखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणावाचून लिहून देतो की—

डाव्या हाताचा अंगठा तर्जनीस शिवला जात आहे. दुखत नाही. लेखणी त्यांच्यामध्ये आहे तोवर लिहिता येईल.

—की बावीस जानेवारी रोजी दुपारच्या सुट्टीत कंत्राटदाराचे रिव्हॉल्व्हर माझ्या ताब्यात असताना, गजास काचकागद गुंडाळून, त्याची नळी मी स्वतः घासली. कोणास सांगितले नाही. विचारले तेव्हा नाकारले. न्यायालयात शपथेवर खोटे बोललो. तज्ज्ञबाईंचा दोष नाही. घासण्यापूर्वीच्या नळीची गोळी धाकट्या बहिणीच्या बरगडीतल्या गोळीशी जुळत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी—

मधले बोट गेले. आता करंगळी.

सहीवाचून या कागदास किंमत नाही. नुसता कागद. बाईंनीच सांगितले आहे. सही हवी. तारीख घातली. साक्षीदार नको, एवढी सही पुरे. डोळ्यांच्या पापण्या जड— नव्हे, जड नाहीत, कडेपासून— अजून मध्ये फट आहे, दिसते आहे—

वास जवळ आला.

थांबा. एवढेच राहिले आहे. बायांनो, हे तुमच्यासाठीच आहे, एवढी सही करू द्या—

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे. खाली सही करणार, मी,